न्याहारीच्या आधी

७ जुलै, सोमवार

आज आठवी 'ब'ला पचनसंस्था शिकवली. तास संपल्याचे मुलांपेक्षा मलाच अधिक वाईट वाटले. मोठ्या आतड्याबद्दल पुस्तकात जेमतेम दोन ओळी आहेत. मी त्यावर जवळजवळ सगळा तास बोललो. अन्न जठरात उतरले की जठर ताणले जाते आणि त्याची वार्ता मज्जातंतूंमार्फत थेट मोठ्या आतड्यापर्यंत जाते: वर नवा माल आला आहे, खाली जागा करा. मग आतडे हलू लागते आणि माणसाला शौचाला जावेसे वाटते. म्हणूनच तान्हे बाळ दूध पिता पिता दुपटे भरवते. वर्ग हसला. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणून आमचे आजोबा चहा पिल्याशिवाय जातच नाहीत." मी त्याला उभे करून शाबासकी दिली. निरीक्षण म्हणतात ते हेच.

दैनंदिनी सुरू करण्याचे कारण मात्र घरातले आहे. माझ्या मुलीला, दाक्षायणीला, शौचास त्रास होतो. ती यंदा पहिलीत गेली आणि शाळा सुरू झाल्यापासूनच ही तक्रार आहे. अशा प्रश्नाची नोंद क्रमाने ठेवली, तर कारण आपोआप समोर येते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या घराची सकाळ फार सुंदर बांधलेली आहे. शौचाशिवाय आंघोळ नाही, आंघोळीशिवाय गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा नाही, आणि अन्न लिंगाला अर्पण केल्याशिवाय तोंडात घास नाही. आधी शरीर आतून स्वच्छ, मग बाहेरून, मग मन. आजोबा अक्कलकोटकडच्या खेड्यातून भवानी पेठेत आले, मागावर बसले, पण हा क्रम त्यांनी मोडला नाही. लहान मुलांना त्यातून सूट असते. दाक्षायणीचा पहिलीचा प्रवेश झाला तेव्हा माझी आई, आमची अव्वा, म्हणाली, "पोरगी मोठी झाली आता. तिलाबी शिस्त लागू दे की." मला ते पूर्णपणे पटले. मूल मोठे झाल्याची जाणीव अशा नियमांनीच होते.

तेव्हा सध्या दाक्षायणी उठते, शौचास बसते, आणि आम्ही वाट पाहतो. काही होत नाही. रिक्षा येते. मग तिची आई, अक्षता, घाईने तिचे अंग पुसून कपाळाला विभूती लावते आणि डबा हाती देऊन तिला पाठवते. न्याहारी बहुधा राहून जाते. याचे मला वाईट वाटते. पण सवय लागेपर्यंत थोडी ओढाताण व्हायचीच.

१० जुलै, गुरुवार

आज झाले, पण रडून. अक्षताने मला हाक मारून दाखवले. "अहो, रक्त आहे."

मी नीट पाहिले. ताजे, लाल, वरून लागलेले, अगदी थोडे. मी तिला समजावले: मल आतड्यात जितका रेंगाळतो तितके त्यातले पाणी शोषले जाते, तो कडक होतो, बाहेर पडताना कातडीला बारीक चीर पडते. चीर दुखते म्हणून मूल पुढच्या वेळी रोखते, रोखल्याने मल आणखी कडक होतो. हे एक चक्र आहे.

"मग चक्र कोण थांबवणार?" अक्षता म्हणाली. "मला कारण नको, डॉक्टर पायजे."

मी म्हणालो की कारण कळले म्हणजे अर्धे काम झाले. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी दवाखाना गाठायचा आणि नको ती औषधे मुलाच्या पोटात घालायची, याविरुद्ध मी वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. रात्री भिजवलेल्या मनुका, भाकरीवर तूप, भरपूर पाणी. हे आजपासून सुरू. अव्वाने एरंडेलाची बाटली काढली, ती मी ठामपणे परत फळीवर ठेवली. त्यावर ती म्हणाली, "तुला दिलं होतं, मेलास का तू?" या युक्तिवादाला उत्तर नसते.

१५ जुलै, मंगळवार

एक उत्साहवर्धक निरीक्षण. दाक्षायणी आता स्वतःहून प्रयत्न करते. संध्याकाळी ती दाराच्या मागे जाऊन उभी राहते, पायांच्या चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घट्ट लावून, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून. चेहरा लाल होतो, कपाळावर घाम येतो. एवढी कसोशी मोठ्या माणसातही दिसत नाही. मी जवळ जाऊन म्हटले, "शाबास, लाव जोर." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला काही उमगले नाही. थोड्या वेळाने ती सैल झाली आणि खेळायला गेली. झाले काहीच नाही.

सकाळी मी शौचालयाच्या दाराशी स्टूल टाकून बसतो. अव्वाच्या गुडघ्यांसाठी गेल्या दिवाळीत कमोड बसवला, त्यावर दाक्षायणी बसते. पाय खाली लोंबकळत असतात. ती आत आणि मी बाहेर, असा आमचा तास चालतो. आज मी तिला आतड्याची लांबी, त्याची वळणे, आणि मल पुढे ढकलणाऱ्या लाटा समजावून सांगितल्या. दार बंद असल्याने तिचे लक्ष विचलित होत नाही, हा मोठा फायदा आहे.

"अप्पा, मी बाहेर येऊ?"

"झाले का?"

"न्हाय."

"मग थोडे थांब."

बाहेर रिक्षावाले तात्याबा यांनी हॉर्न वाजवला आणि मग स्वतःच ओरडले, "सर, सोडा की पोरीला. तवर तिची परीक्षाबी हून जाईल."

रिक्षातली सगळी मुले हसली. दाक्षायणीने ते आत ऐकले असणार, कारण बाहेर आल्यावर ती त्यांच्याकडे न बघता मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

१९ जुलै, शनिवार

पालक सभा. विषय माझा: 'मुलांचे पोट समजून घेऊ या.' हॉल भरला होता. अक्षताही महिलांच्या रांगेत बसली होती. मी फळ्यावर आतडे काढले, रंगीत खडूंनी. व्याख्यान रंगत गेले.

शेवटी एक तरुण आई उभी राहिली. जमीला तिचे नाव. तिचा मुलगा आमच्याकडे पाचवीत आहे. म्हणाली, "सर, ते सगळं लई छान सांगितलं तुमी. पण डॉक्टरकडं कधी न्यायचं, ते सांगा की सरळ."

मला असा प्रश्न फार आवडतो. मी म्हणालो, "सरळच सांगतो. मूल आठवड्यातून तीनदाही जात नसेल, शौच कडक आणि दुखणारे असेल, आणि दोन आठवडे घरगुती उपाय करूनही हेच चालू असेल, तर थांबू नका, दाखवा. रक्त दिसले, भूक मेली, वजन उतरले, तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. आणि पोट फुगून उलटी झाली, ताप आला, पोटदुखीने मूल कळवळू लागले, तर त्याच दिवशी. लाजू नका, स्वतःला दोष देत बसू नका. हा स्वयंपाकघराचा प्रश्न उरत नाही, दवाखान्याचा होतो."

टाळ्या झाल्या. जमीलाने मान डोलावली. मी अक्षताकडे पाहिले. ती टाळ्या वाजवत नव्हती.

चहाच्या वेळी गणिताचे अतीक सर म्हणाले, "सर, तुमच्या घरी कुणी आजारी पडत नाही ते बरं आहे. पडलं असतं तर त्याला गोळीच्या आधी प्रस्तावना घ्यावी लागली असती." सगळे हसले. मीही हसलो. दाक्षायणीचा विषय तिथे काढण्याचे काही कारण नव्हते.

२० जुलै, रविवार

घरी अक्षता एवढेच म्हणाली, "जमीलाला सांगितलं ते मी ऐकलं."

मी सकाळपासून विचार करतो आहे. त्रास सुरू होऊन दोन आठवडे कधीच होऊन गेले, हे खरे. पण सलग म्हणता येणार नाहीत. मधे एकदा झाले होते. रक्त होते, पण त्याचे कारण मला माहीत आहे, आणि ज्याचे कारण माहीत आहे ते धोक्याचे चिन्ह कसे म्हणावे? भूक कमी आहे, पण ती सकाळी खातच नाही, त्यामुळे तुलना अवघड जाते.

दुसऱ्यासाठी सांगताना नियम किती स्पष्ट असतात. शिवाय ज्या माणसाने काल फळ्यावर आतडे काढले, तो आज मुलीला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेला दिसला, तर त्या पालकांनी काय समजावे? हा विचार क्षुद्र आहे. तो आला, म्हणून लिहून ठेवला.

२५ जुलै, शुक्रवार

प्रश्न सुटला.

आज दाक्षायणीच्या चड्डीला पातळ मल लागलेला होता. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. मनुकांनी आणि पाण्याने काम केले. किंबहुना जरा जास्तच केले, कारण आता हे जुलाब दिसतात. तेव्हा मनुका बंद, तूप बंद. दहीभात आणि साबुदाण्याची पेज. अव्वाने डाळिंबाची साल उगाळून दिली आणि या वेळी मी अडवले नाही, कारण जुलाबावर ती खरोखर उपयोगी पडते.

श्रावणही आजच लागला. घरात प्रसन्न वाटते आहे. अक्षताला मी म्हणालो, "पाहिलेस? धीर धरला की होते." ती चड्ड्या धूत होती. तिने पाण्याच्या टाकीकडे पाहिले. नळ चार दिवसांआड येतो आणि टाकी तळाला गेली होती.

२८ जुलै, सोमवार

शाळेतून अक्षताला फोन. दाक्षायणीने वर्गात कपडे खराब केले, वास आल्यावर मुलांनी बाक बदलले. वर्गशिक्षिका भल्या आहेत, पण त्या म्हणाल्या, "मॅडम, बाकीचे पालक बोलायला लागलेत. सवय लागेपर्यंत घरीच ठेवा ना थोडे दिवस." अक्षताने पतसंस्थेतून रजा घेतली. तिला मिळणारी ही शेवटची रजा असावी. तसे ती बोलली नाही, पण फोनवर साहेबांशी ती ज्या आवाजात बोलत होती, त्यावरून वाटले.

संध्याकाळी मी दाक्षायणीला समोर बसवले आणि रागावलो नाही. शांतपणे समजावले की शौचमार्गाच्या तोंडाशी एक स्नायू असतो, तो आपल्या हुकमात असतो, आपण ठरवले तर तो उघडतो, नाहीतर बंद राहतो. मोठ्या मुली तो बंद ठेवू शकतात.

ती म्हणाली, "मला कळतच न्हाय अप्पा, कधी येतं ते."

"असे कसे कळत नाही? सगळ्यांना कळते."

"मला न्हाय कळत."

या वयात मुले सबब पटकन शोधतात. आपण तिला खरे बोलायला शिकवले पाहिजे. तिने कबूल करावे म्हणून मी बराच वेळ थांबलो. शेवटी ती म्हणाली, "बरं, कळतं," आणि पलंगाखाली जाऊन बसली. जेवायलाही बाहेर आली नाही.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. जुलाब होतात, तर पोट मऊ आणि खपाटीला जायला हवे. तिचे पोट डावीकडे खाली टणक लागते. मी दोनदा चाचपून पाहिले. वायू असावा.

३१ जुलै, गुरुवार

पाऊस नाही, वारा नाही, खिडक्या बंद. शेजारच्यांना वास जाऊ नये म्हणून अक्षता खिडक्या उघडू देत नाही. ती आणि दाक्षायणी दिवसभर आतल्या खोलीत. मी शाळेतून येतो तेव्हा दोघी भिंतीला टेकून बसलेल्या असतात, जशा सकाळी होत्या तशाच.

अव्वा म्हणते नजर लागली. मी म्हणतो जुलाब. अक्षता काहीच म्हणत नाही. तिघांचीही उत्तरे आपापल्या जागी उभी आहेत आणि मधे मूल.

मला काहीतरी दिसत नाही. एवढे लिहूनही दिसत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आजचे सविस्तर लिहितो.

सकाळी दाक्षायणीला उलटी झाली. पोट तट्ट फुगलेले. मला शाळेत विज्ञान प्रदर्शनाची बैठक होती. मी म्हणालो, "दुपारपर्यंत पाहू, मग ठरवू."

 अक्षताने मुलीला टॉवेलात गुंडाळले, पायात चपला सरकवल्या आणि दाराशी जाऊन म्हणाली, "पोट फुगून उलटी झाली तर त्याच दिवशी. तुमचंच वाक्य आहे. सगळ्या हॉलनं ऐकलंय."

"मी येतो."

"बैठक आहे ना तुमची."

ती गेली. मी बैठकीला गेलो. प्रयोगांची नावे वाचली जात होती आणि मला एकही ऐकू येत नव्हते. अतीक सरांनी विचारले, "काय झालं?" मी सांगितले. सगळे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "उठा," आणि मला गाडीवर घालून दवाखान्यात सोडले.

बालरोगतज्ज्ञ डॉ. अनिसा. पन्नाशीच्या असाव्यात, आवाज हळू. मी पोहोचलो तेव्हा तपासणी झाली होती, पोटाचा एक्स-रेही काढून झाला होता. दाक्षायणी टेबलावर पडली होती आणि आईचे बोट घट्ट धरून होती.

"तुम्ही वडील? बसा. आतडं पूर्ण बंद झालेलं नाही, ही चांगली गोष्ट. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवते, उलटी थांबली की घरी न्या. पण मोठ्या आतड्याचं खालचं टोक गच्च भरलंय. दगडासारखं. कधीपासून?"

मी म्हणालो की आधी बद्धकोष्ठ होते, पण अलीकडे जुलाब.

"जुलाब नाहीत ते. वाट अडलीय, आणि अडलेल्याच्या कडेकडेनं पातळ मल झिरपतोय. नळाला बोळा बसला तरी ठिबकतो ना, तसं. तुम्ही काय दिलंत जुलाबावर?"

मी सांगितले. दहीभात. डाळिंबाची साल. मनुका बंद केल्या. 

"बरं," त्या म्हणाल्या. त्यात ठपका नव्हता. असता तर सोपे गेले असते. "कपडे खराब झाले की रागावता का?"

"रागावलो नाही. समजावले. ती म्हणाली की तिला कळत नाही, तेव्हा मी..."

"खरंच कळत नाही तिला. आतडं इतकं ताणलंय की जाणीवच बोथट होते. मूल मुद्दाम करत नाही हे."

दाक्षायणीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

मग अक्षताने दाराआड उभे राहण्याचे सांगितले. चवड्यांवर, गुडघे आवळून. मी घाईने जोडले, "म्हणजे ती प्रयत्न करते."

"प्रयत्न करते, पण न होऊ देण्याचा. दुखतं म्हणून रोखून धरते. सगळ्या आयांना वाटतं पोरगं जोर लावतंय." त्यांनी औषधाची चिठ्ठी पुढे ओढली. "सकाळी खाल्ल्यावर बसवता ना तिला? खाणं झालं की थोड्या वेळानं?"

हा माझा विषय होता. मी पुढे सरकून बसलो. "हो, ते फार महत्त्वाचे आहे. अन्न जठरात गेले की जठर ताणले जाते, त्याची वार्ता मोठ्या आतड्याला पोहोचते, आणि आतडे आपोआप..."

मी वाक्य पूर्ण करू शकलो नाही.

 अक्षता माझ्याकडे पाहत होती. डॉक्टर वाट पाहत होत्या.

"आमच्याकडं आधी जायचं असतं," अक्षता म्हणाली. "मग आंघोळ, मग पूजा, मग खाणं. शाळा लागल्यापासून तिला सकाळी पोटात काही नसतं. उपाशीच बसते. दाराबाहेर हे असतात."

गेली बारा वर्षे मी हा धडा शिकवतो आहे. सकाळी शाळेत शिकवायचा, आणि त्याच सकाळी घरी मुलीला रिकाम्या पोटी कमोडवर बसवून आतड्याला हाक मारायला सांगायचे.

डॉक्टरांनी पुढचे सगळे सावकाश सांगितले. पाण्यात विरघळणारी पावडर. आधी साचलेले निघेपर्यंत मोठ्या प्रमाणात, मग रोज थोडी, कितीतरी महिने. आतड्याला मूळ आकारात यायला तेवढा वेळ लागतो. बरे वाटले म्हणून मधेच बंद केली, की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी आणि संध्याकाळी खाल्ल्यानंतर थोडा वेळ बसवायचे, पायाखाली पाट द्यायचा, जबरदस्ती नाही. झाले का, झाले का, असे विचारायचे नाही. पहिले काही दिवस कपडे आणखी खराब होतील. पोट पुन्हा फुगले, उलटी झाली किंवा ताप आला, तर फोन न करता सरळ यायचे.

"आणि लवकर यायला हवं होतं, हे तुम्हाला मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलंय."

६ ऑगस्ट, बुधवार

उलटी थांबली. काल संध्याकाळी दाक्षायणी घरी आली.

अव्वाला मी सगळे समजावले. फार नीट समजावले, आकृतीसह. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे पारोशा अंगानं, लिंगाला न दाखवता, पोरीनं जेवायचं."

"न्याहारी फक्त."

"घासाला नाव दिलं म्हणून घास बदलतोय व्हय रे? लिंगाला दाखवला तर तो प्रसाद, न्हायतर नुसतं अन्न. तुझ्या आजोबानं मागावर उपाशी काढले दिवस, पण..."

"अव्वा, मग आधी आंघोळ, पूजा, न्याहारी, आणि नंतर शौच?"

"आणि नंतर परत आंघोळ कुटल्या पाण्यानं? नळ काय तुझ्या शाळेच्या घंटेवर येतोय?"

तिचे बरोबर होते. पाणी नाही, आणि शौचानंतर आंघोळ चुकवलेले घरात चालत नाही. कुठल्याही बाजूने गेले तरी भिंत. आजवर ज्याला सुंदर बांधणी म्हणत होतो, तिला दारच ठेवलेले नव्हते.

"साकु," अव्वा म्हणाली. पुरे, असा त्याचा अर्थ, आणि ती तो शब्द काढते तेव्हा बोलणे संपलेले असते.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मी दूध-भाकरीचा काला करून दाक्षायणीपुढे ठेवला. ती उठलेली, केस विस्कटलेले, आंघोळ नाही.

"खा."

तिने ताटली सरकवली. "बेडा." नको.

"डॉक्टरबाईंनी सांगितले आहे."

"पूजा न्हाय झाली. पाप लागतंय."

"नाही लागत."

"तुमीच सांगितलंय. मोठ्या मुली आधी खात न्हाईत."

मी सांगितले होते. उत्तम सांगितले होते. आता मी पाप या कल्पनेचे विवरण सुरू केले, श्रद्धा आणि नियम यांतला फरक मांडला. ती ऐकत राहिली, तिच्या तोंडाची कडी बसलेली. अक्षता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो," ती म्हणाली, "बोलू नका. काहीतरी करा."

मी ताटली माझ्याकडे ओढली. अंगावर रात्रीचा बनियन, तोंड धुतलेले तेवढेच. गळ्यातले लिंग बनियनच्या आत छातीला लागत होते. लिंगदीक्षा झाल्यापासून आजवर मी असा कधी जेवलो नव्हतो, आजारपणातही नाही. पहिला घास तोंडात घातला. भाकरीला कसलीच चव लागली नाही. गिळता येईना, म्हणून दूध प्यालो.

दाक्षायणी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. काही होते का, याची वाट पाहत असावी.

"लागलं का पाप?" तिने विचारले.

"अजून तरी नाही."

"थांबू या जरा."

आम्ही थांबलो. मग तिने हात पुढे करून माझ्याच ताटलीतला एक घास घेतला. अगदी बारीक. चावताना ती देवघराकडे बघत होती. देवघरात अव्वा पाठमोरी बसली होती.

१० ऑगस्ट, रविवार

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हे दिवस वाईट आहेत. पावडरीने साचलेले निघू लागले; कपडे, चादरी, सगळे. अतीक सरांनी त्यांच्या बोअरचे पाणी कॅनमधून आणून दिले. "सर, याच्यावर व्याख्यान नको," म्हणाले. मी नुसते धन्यवाद दिले.

दाक्षायणी थकली आहे, पण पोट मऊ झाले आहे. आज ती दाराआड गेली नाही. घर अजून बंदच आहे, खिडक्याही. कधी कधी वाटते की आजार तिला झाला आणि कोंडले गेलो आम्ही सगळे. मग वाटते, ती तर जूनपासूनच कोंडलेली होती, आणि किल्ली रोज वर्गात माझ्याच तोंडात होती.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज ती शाळेत गेली. वर्गशिक्षिकांना डॉक्टरांचे पत्र दिले आणि केव्हाही शौचालयात जाऊ द्यावे, अशी विनंती केली. दुपारी एकदा चड्डी खराब झाली. अक्षताने जादा जोडी दप्तरात ठेवली होती. दाक्षायणीने बाईंना सांगून स्वतः बदलली. घरी आल्यावर तिने ते सांगितले आणि आम्ही कोणी काही म्हणालो नाही.

अव्वाची पूजा अलीकडे लांबली आहे. दाक्षायणीची ताटली वाढली, की अव्वाचे डोळे मिटतात, ते थेट पोरीच्या आंघोळीचे पाणी काढेपर्यंत. श्रावणामुळे भक्ती वाढली असावी.

७ सप्टेंबर, रविवार

श्रावण संपला, गणपती गेले, तरी अव्वाची पूजा तितकीच लांबते. वयाबरोबर माणूस अंतर्मुख होत असेल. आज मी विचारले, "अव्वा, एवढा वेळ काय मागतेस?" ती म्हणाली, "डोळे मिटले की दिसत न्हाय, एवढंच मागते. जा, पोरीची भाकरी थंड व्हायली."

पावडर चालूच आहे. पुढची दिवाळी येईल तेव्हाही कदाचित असेल. गेल्या आठवड्यात दोन दिवस काही झाले नाही. डॉक्टरांना दाखवून आलो. या वेळी विचार करत बसलो नाही. त्यांनी प्रमाण थोडे वाढवून दिले.

मी रोज तिच्याबरोबर आधी खातो. अजूनही पहिला घास जड जातो. पूजेला बसतो तेव्हा क्षमा मागतो, पण कशाची, ते दरवेळी नक्की सांगता येत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज न्याहारी झाल्यावर दाक्षायणी उठली, पायाखालचा पाट स्वतः उचलून घेऊन गेली. मी सवयीने मागोमाग गेलो आणि स्टूल ओढले.

तिने दार अर्धे लावले, फटीतून डोके बाहेर काढले. "अप्पा, तुमी जावा."

"मी फक्त बसतो."

"न्हाय. तुमी बसला की सांगताय." तिने थोडा विचार केला. "मला सगळं येतंय आता. आतडं, लाटा, सगळं. जावा तुमी."

दार लागले. आतून कडीचा आवाज आला. ही कडी तिने आजवर लावली नव्हती. मीच ती काढून टाकायचे ठरवले होते, सुरक्षेसाठी.

मी स्टूल उचलून अंगणात नेले. बाहेर तात्याबांची रिक्षा येऊन थांबली होती. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिले, आणि हात काढून घेतला. आम्ही दोघे काही न बोलता उभे राहिलो. मला किती गोष्टी सांगता आल्या असत्या.

दाक्षायणी बाहेर आली तेव्हा मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. अक्षताने तिला आंघोळ घातली, विभूती लावली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भूक लागली म्हणून आणखी अर्धी भाकरी मागितली.

यावरून निष्कर्ष काढता आला असता. मी तिला भाकरी वाढली.